आरोग्य-विचार : सुपारी आणि गालाच्या आंतले शेजारी

आपल्या घरांत सुपारीवांचून कोणतेंच कार्य सिद्धीस जात नाहीं. गणपतीचें आवाहन सुपारीवर, नवग्रहांची मांडणी सुपाऱ्यांवर, लग्न ठरलें कीं सुपारी फुटली असें आपण म्हणतों, आणि विडा तर पाहुण्याच्या सन्मानाचा. ज्या घरीं आजीचा अडकित्ता नाहीं व आजोबांच्या चंचींत कातरलेली सुपारी नाहीं, असें घर पूर्वीं क्वचितच आढळे. अशा या मंगल फळाविषयीं अप्रिय असें कांहीं लिहावयाचें म्हणजे लेखणी थोडी अडखळते. परंतु सांगली जिल्ह्यांतील, म्हणजे १९४९ पूर्वींच्या सातारा जिल्ह्यांतील, कडेगांवाहून एका वाचक भगिनींचें जें पत्र आलें आहे, तें वाचल्यावर गप्प बसणें योग्य होणार नाहीं.

त्या लिहितात, कीं त्यांचा भाचा १९ वर्षांचा असून कऱ्हाडास शिकावयास आहे. तंबाखूला त्यानें कधीं हात लावलेला नाहीं; मात्र सुगंधी सुपारीची पुडी त्याच्या खिशांत सदैव असते. गेल्या वर्षापासून आमटींत जरा तिखट पडलें तरी त्याच्या तोंडाची आग होते. दिवाळीस घरीं आला तेव्हां लाडू तोंडांत जाईना. कुस्करून खावा लागला. गालाला आंतून बोट लावलें तर ताणलेल्या दोरीसारखें कांहीं हातीं लागतें. यावर त्यांचे दोन प्रश्न आहेत. पहिला असा : सुपारी गालाच्या आंतल्या पृष्ठभागालाच काय ती लागते, मग त्याखालचें मांस दोरीसारखें कां व्हावें? आणि दुसरा : तंबाखू नसतांना नुसत्या सुपारीपासून भय तें कोणतें? दोन्ही प्रश्न मार्मिक आहेत. पहिल्याचें उत्तर नीट समजलें म्हणजे दुसऱ्याचें समजण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून आधीं पहिल्याकडेच वळूं.

आपल्या देहाचा जेथें जेथें बाहेरच्या जगाशीं किंवा एखाद्या पोकळीशीं संबंध येतो, तेथें तेथें पेशींचें एक सलग आवरण असतें. त्वचेचा वरचा थर, तोंडाचें, आंतड्यांचें व श्वासनलिकेचें अस्तर, लाळेच्या व घामाच्या ग्रंथी, हीं सारीं याच जातीचीं. शास्त्रांत यास अभिस्तर असें नांव आहे. अभिस्तराच्या पेशी फरशीसारख्या एकमेकींस अगदीं चिकटून बसलेल्या असतात, आणि सतत झिजून नव्या होत असतात. आंतड्याचें अस्तर ३ ते ५ दिवसांत बदलतें, तोंडाचें सुमारें दोन आठवड्यांत, तर त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरांत. मात्र या आवरणांत रक्तवाहिन्या नसतात. त्याचें सारें पोषण खालच्या थरांतून झिरपून वर येतें.

अभिस्तराच्या तळाशीं एक अत्यंत पातळ पडदा असतो. त्यास आपण आधारपटल म्हणूं. त्या पडद्याखालीं दुसरा मुलूख लागतो. तेथें पेशी दाटीनें नसून विखुरलेल्या असतात, आणि त्यांच्या भोंवतीं कोलॅजेन नांवाच्या चिवट प्रथिनाचे तंतु विणलेले असतात. हे तंतु ज्या पेशी तयार करतात त्यांस तंतुजनक पेशी असें म्हणतां येईल. याच मुलुखांत रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतु आहेत, आणि परकीय जंतूंवर नजर ठेवणाऱ्या पहारेकरी पेशीहि आहेत. वरचा मुलूख व खालचा मुलूख यांचे धर्म निराळे, कामें निराळीं. परंतु एकावांचून दुसऱ्याचा एक दिवस निभत नाहीं.

कडेगांवच्या वाचकांस याचें घरचेंच उदाहरण देतां येईल. मोहरमांत तेथें जे गगनचुंबी ताबूत निघतात आणि ज्यांच्या भेटी पाहण्यास दूरदूरचे लोक येतात, त्यांस हिंदु व मुसलमान दोघांचेहि हात लागतात. तोल संभाळणाऱ्यांनीं एकमेकांचा शब्द ऐकला नाहीं, तर एवढें उंच काम चार पावलेंहि पुढें जाणार नाहीं. देहांतील शेजारहि असाच शब्दावर चालतो. प्रश्न एवढाच, कीं ज्यांना तोंड नाहीं व कान नाहीं, त्या पेशी बोलतात कशा?

त्यांच्या बोलण्याच्या मुख्यतः चार रीती आहेत. पहिली रीत हाताला हात लावून बोलण्याची. अभिस्तराच्या पेशी कॅड्हेरीन नांवाच्या प्रथिनांनीं एकमेकींस धरून असतात, आणि ती पकड सुटली कीं शेजारीण जाग्यावर नाहीं हें पेशीस तत्काळ कळतें. लगतच्या दोन पेशींच्या भिंतींत सूक्ष्म नळ्याहि असतात. त्यांतून क्षार व लहान रेणु इकडून तिकडे जातात. दुसरी रीत चिठ्ठी पाठविण्याची. एक पेशी विशिष्ट प्रथिन बाहेर सोडते. तें जवळच्या दुसऱ्या पेशीपर्यंत पोंचतें व तिच्या पृष्ठभागावरील ग्राहकांत, कुलुपांत किल्ली बसावी तसें, बसतें. मग ती पेशी वाढूं लागते, थांबते, किंवा आपलें काम बदलते. तिसरी रीत जमिनीवरून अंदाज घेण्याची. इंटेग्रीन नांवाच्या प्रथिनांच्या द्वारें पेशी आपल्या खालचे तंतु चांचपून पाहते, आणि जमीन मऊ आहे कीं ताठ यावरून आपली वागणूक ठरविते. चौथी रीत पहारेकऱ्यांस हांक मारण्याची. अभिस्तरास इजा झाली, कीं तो अशीं रसायनें सोडतो कीं ज्यांच्या मागानें रक्तांतील पांढऱ्या पेशी त्या जागीं धांवत येतात.

हीं सारीं नुसतीं अनुमानें नव्हेत. क्लिफर्ड ग्रॉब्स्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५३ सालीं उंदराच्या गर्भांतील लाळग्रंथीचा अंकुर घेऊन त्याचे दोन्ही थर वेगळे केले. नुसता अभिस्तर पोषक द्रव्यांत ठेवला तेव्हां तो पसरून सपाट झाला; त्यास एकहि फांदी फुटली नाहीं. त्याच्या शेजारचा खालचा थर पुन्हां जवळ आणून ठेवतांच त्यास झाडासारख्या फांद्या फुटूं लागल्या. अन्न दोन्ही वेळीं होतें. फरक होता तो शेजाऱ्याचा. पुढें १९७५ सालीं ऱ्हाइनवाल्ड व हॉवर्ड ग्रीन यांस मानवी त्वचेच्या अभिस्तर-पेशी प्रयोगशाळेंत वाढवावयाच्या होत्या. त्या एकट्या तग धरीनात. तळाशीं तंतुजनक पेशींचा एक थर अंथरला, तेव्हां कोठें त्या जोमानें वाढूं लागल्या. या युक्तीमुळेंच पुढें भाजलेल्या रोग्याच्या स्वतःच्या त्वचेचे पापुद्रे वाढवून ते त्याच्या अंगावर बसविणें शक्य झालें.

चिठ्ठ्यांचा शोधहि लाळग्रंथीपासूनच लागावा, हा एक मौजेचा योग आहे. स्टॅन्ले कोहेन यांनीं उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिलांस टोंचला, तेव्हां पिलांचे डोळे नेहमीपेक्षां कितीतरी दिवस आधीं उघडले. पापण्यांवरील अभिस्तर वेळेपूर्वीं पक्व झाला होता. तें घडविणारें प्रथिन त्यांनीं वेगळें काढलें, आणि १९८६ सालीं रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

महाराष्ट्रांतहि या विद्येचा पाया एका मराठी स्त्रीनें घातला, हें आमच्या भगिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. पुण्यांत १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकविणाऱ्या दिनकर दत्तात्रेय समर्थ यांच्या कन्या. अमेरिकेंत जाऊन त्यांनीं जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत पेशी शरीराबाहेर वाढविण्याचें तंत्र अभ्यासिलें, आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्या तंत्राची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. ज्या केंद्रांत त्यांनीं काम केलें, त्याच केंद्राचा आपल्या आजच्या विषयाशीं निकट संबंध आहे. तो पुढें येईल.

आतां नित्याचा एक प्रसंग घेऊं. जेवतांना गाल चावला जातो. अभिस्तर फाटतो, रक्त येतें. फाटलेल्या कडेच्या पेशी तत्काळ खालीं वर्दी देतात. पहारेकरी येऊन जागा स्वच्छ करतात. टी. जी. एफ. बीटा नांवाचें प्रथिन तंतुजनक पेशींस जागें करतें. त्यांतील कांहीं पेशी स्नायूसारख्या आकुंचन पावूं लागतात व जखमेच्या कडा जवळ ओढतात. नवे तंतु विणले जातात. खालच्या पेशी उलट वर चिठ्ठी धाडतात, कीं आतां वाढा व भोंक बुजवा. या उलट-टपालांतील एक महत्त्वाचें प्रथिन १९८९ सालीं सांपडलें. चार-सहा दिवसांत जखम भरते. आणि मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडते, ती ही, कीं बोलणें थांबतें. वर्दी देणें बंद होतें, जाग्या झालेल्या पेशी पुन्हां निजतात, जास्तीचे तंतु विरघळविले जातात, आणि गाल पूर्ववत् मऊ होतो.

सुपारी चघळणाऱ्याच्या गालांत हेंच बोलणें थांबत नाहीं. सुपारींत अरेकोलीन नांवाचें एक अल्कलॉइड आहे. तिला तुरटपणा आणणारीं टॅनिनें आहेत. आणि तांबेंहि बरेंच आहे. सुपारीचा रस दिवसाकांठीं कित्येक वेळां, तास तास, एकाच जागीं लागत राहिला, म्हणजे अभिस्तराच्या पेशी सतत जखमेची वर्दी देऊं लागतात. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें, कीं अरेकोलीनमुळें या पेशींच्या अंगावर एका विशिष्ट जातीचें इंटेग्रीन वाढतें. हें इंटेग्रीन भोंवतालीं सुप्त स्थितींत पडलेल्या टी. जी. एफ. बीटाला मोकळें करतें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांतहि हाच दुवा दिसतो : सुपारीचा अर्क लागलेल्या अभिस्तर-पेशी जो स्राव सोडतात, त्यानें तंतुजनक पेशी चेतविल्या जातात. म्हणजे सुपारीनें वरच्या शेजाऱ्यास छळावें आणि त्याच्या ओरडण्यानें खालच्यानें रात्रंदिवस भिंती बांधीत सुटावें, असा हा प्रकार आहे. आमच्या भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें.

त्यांतच दोन गोष्टींची भर पडते. कोलॅजेनचे तंतु एकमेकांस घट्ट सांधणारें एक किण्व आहे. तें तांब्याच्या साह्यानें काम करतें, आणि सुपारींतील तांब्यानें त्याचा जोर वाढतो. दुसरीकडे टॅनिनांमुळें ते तंतु असे पक्के होतात, कीं शरीरांतील तंतु विरघळविणाऱ्या द्रव्यांस ते दाद देत नाहींत. चामडें कमावतांना टॅनिनाचाच उपयोग करतात, हें पुष्कळांस ठाऊक असेल. बांधणें वाढलें, सांधणें पक्कें झालें, मोडणें थांबलें. मग गालांत दोऱ्या उभ्या राहिल्या तर नवल काय? दाट तंतूंनीं रक्तवाहिन्या आवळल्या जातात, गाल आंतून संगमरवरासारखा पांढुरका दिसूं लागतो, आणि खालून येणारें पोषण कमी पडल्यानें अभिस्तर पातळ होतो. पातळ झालेल्या अस्तराला मिरची झोंबते, तें यामुळेंच.

या व्याधीचा इतिहासहि आपल्याच लोकांचा आहे. १९५२ सालीं श्वार्ट्झ या वैद्यानें पूर्व आफ्रिकेंत केनियामध्यें राहणाऱ्या पांच हिंदी स्त्रियांत ती प्रथम नोंदविली. पुढच्याच वर्षीं, १९५३ सालीं, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनीं टाळूच्या अस्तराखालीं तंतु दाटण्याचा रोग म्हणून तिचें वर्णन केलें. तिचें कारण मात्र लवकर उमगलें नाहीं. आरंभीं संशय मिरचीवर होता. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत डॉ. सत्यवती सिरसाट व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं उंदरांच्या टाळूस मिरचींतील तिखट द्रव्य लावून प्रयोग केले व ते १९६० सालीं प्रसिद्ध केले. पुढें १९६६ सालीं कोपनहेगनचे प्राध्यापक पिंडबोर्ग व डॉ. सिरसाट यांनीं या रोगाचा सविस्तर परामर्श घेतला. त्यानंतरच्या वर्षांत हजारों लोकांच्या पाहणींतून खरा अपराधी पुढें आला, तो सुपारी. मिरची ही वेदना जाणविणारी. व्याधी उत्पन्न करणारी नव्हे.

डॉ. खानोलकरांचें येथें विशेष स्मरण होतें. कर्करोग आणि समाजाच्या चालीरीती यांचा संबंध शोधण्याचें काम त्यांनीं फार आधीं हातीं घेतलें होतें. डॉ. सूर्याबाईंसह १९४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, धोतराच्या घट्ट गांठीनें कमरेची त्वचा वर्षानुवर्षें घांसली जाऊन तेथें होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन त्यांनीं केलें. चाल कितीहि जुनी व प्रतिष्ठित असो, पेशी तिची प्रतिष्ठा जाणत नाहींत. त्या फक्त घर्षण जाणतात, रस जाणतात, आणि तें किती काळ चाललें हें जाणतात.

येथें दुसरा प्रश्न येतो. तंबाखू नसेल तर भय कोणतें? उत्तर स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें बोलाविलेल्या तज्ज्ञमंडळानें २००३ सालीं सर्व पुरावा तपासून असा निर्णय दिला, कीं तंबाखू नसलेला विडा व नुसती सुपारी या दोन्ही गोष्टी मनुष्यास कर्करोग करणाऱ्या आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील दंतसंशोधकांनीं केरळांतील एर्नाकुलम जिल्ह्यांत या तंतुव्याधीच्या ६६ रोग्यांचा १७ वर्षें पाठपुरावा केला; त्यांपैकीं ५ जणांस, म्हणजे शेंकडा ७·६ जणांस, तोंडाचा कर्करोग झाला. १९८५ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेंकडा साडेसात म्हणजे थोडे, असें ज्यास वाटेल त्यानें आपल्या घरांतील पंक्ति डोळ्यांपुढें आणावी.

असें कां होतें, हेंहि शेजारधर्मानेंच समजतें. सुदृढ ऊतींत प्रत्येक पेशीस आपली मर्यादा शेजाऱ्यांकडून कळत असते : येथवर वाढ, येथें थांब. खालची जमीन दगडासारखी ताठ झाली, चिठ्ठ्या अवेळीं येऊं लागल्या, पकड सैल झाली, आणि त्यांतच सुपारीच्या द्रव्यांनीं पेशीच्या बीजद्रव्यास इजा केली, म्हणजे एखादी पेशी कोणाचेंच ऐकेनाशी होते. आधारपटल फोडून ती खालच्या मुलुखांत शिरते. त्यालाच आपण कर्करोग म्हणतों.

आतां करावें काय? पहिली गोष्ट, परीक्षा. तोंड पूर्ण उघडून आपल्याच हाताचीं मधलीं तीन बोटें उभीं धरून पुढच्या दांतांमध्यें घालून पाहावीं. प्रौढ माणसाचें तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा अधिक उघडतें, व तीन बोटें सहज जातात. दोनच जात असतील, शीळ घालणें किंवा फुगा फुगविणें जड जात असेल, जीभ पूर्वींइतकी बाहेर येत नसेल, साध्या तिखटानें आग होत असेल, गाल आंतून पांढुरका दिसत असेल, तर दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करूं नये. कडेगांवच्या लोकांस सांगली, मिरज व कऱ्हाड हीं तिन्ही ठिकाणें कांहीं दूर नाहींत. तोंडांत दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली जखम, लाल वा पांढरा चट्टा, किंवा गांठ असेल, तर त्याच दिवशीं निघावें.

दुसरी गोष्ट, सुपारी पूर्ण बंद. कमी करणें नव्हे, बंद. सवय जडते ती अरेकोलीनमुळें, म्हणून पहिले कांहीं आठवडे चित्त बेचैन होईल. घरच्यांनीं तेव्हां टोमणे न मारतां धीर द्यावा. तिसरी गोष्ट, उपचार. तोंड उघडण्याचे व्यायाम, गालांत द्यावयाचीं इंजेक्शनें, आणि फारच आवळलें असल्यास शस्त्रक्रिया, असे उपाय वैद्य करतात व त्यांनीं आराम पडतो. परंतु एकदां पक्क्या झालेल्या दोऱ्या पूर्णपणें पूर्ववत् होत नाहींत. सुपारी सोडल्यानंतरहि कर्करोगाची शक्यता अजिबात नाहींशी होत नसल्यामुळें, अशा माणसानें वर्षांतून निदान दोनदां तोंड तपासून घ्यावें. या भगिनींच्या भाच्याचें वय लहान आहे, ही आशेची बाजू आहे. पण ती आशा आजच्या आज पुडी टाकण्यावर अवलंबून आहे.

महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली, ती उचितच झाली. पण कायद्याचा हात आपल्या जेवणघरांतील तबकापर्यंत पोंचत नाहीं. तेथें गृहिणीचाच कायदा चालतो. जेवणानंतर मुखशुद्धीस बडीशेप, धनेडाळ, ओंवा, वेलदोडा, लवंग, सुकविलेला आंवळा, हे पदार्थ आपल्याकडे पूर्वींपासून आहेत. मुलांच्या हातीं गोड सुपारी कौतुकानें ठेवण्याची चाल मात्र आजच बंद करावी. कारण तिची गोडी जिभेला कळते, पण तिचा रस गालाला कळतो. गणपतीच्या पूजेंतील सुपारीस आमचा काडीमात्र विरोध नाहीं. ती पूजा आटोपल्यावर कोणी चघळीत बसत नाहीं, हाच तिचा मोठा गुण आहे.